कारखान्यांचे सांडपाणी आणि शहराची मलवाहिनी

मोठ्या शहरास दोन प्रकारच्या नळांची आवश्यकता असते. एक नळ शुद्ध पाणी घरोघरी पोचवितो. दुसरा वापरलेले पाणी वाहून नेतो. पहिल्याविषयी नागरिक फार जागरूक असतात. पाणी उशिरा आले किंवा गढूळ आले, तर लगेच तक्रार होते. दुसरा नळ जमिनीखाली असतो व तो तुंबेपर्यंत त्याची कोणाला आठवण होत नाही. परंतु शहराचे आरोग्य पहिल्या नळाइतकेच दुसऱ्यावरही अवलंबून असते. नदीकाठच्या शहरात तर दुसऱ्या नळाने जे सोडले, ते केव्हा ना केव्हा पहिल्या नळातून परत येण्याचा संभव असतो.

या दुसऱ्या नळात, म्हणजे मलवाहिनीत, घरगुती सांडपाण्याबरोबर कारखान्यांचे पाणीही सोडले जाते. ते सोडू द्यावे काय, आणि द्यावयाचे तर कोणत्या अटींवर, हा प्रश्न औद्योगिक युगातील प्रत्येक शहरापुढे उभा राहिला आहे. त्याचा विचार येथे मुख्यतः दिल्ली व तिच्या परिसराच्या अनुभवावरून करावयाचा आहे.

मलवाहिनीत काय वाहते?

घरगुती सांडपाणी दिसावयास किळसवाणे असले, तरी त्याच्या हजार भागांपैकी सुमारे नऊशे नव्याण्णव भाग निव्वळ पाणीच असते. उरलेल्या एका भागात अन्नाचे कण, मलमूत्र, साबण, तेल, वाळू आणि काही क्षार असतात. यांतील बराचसा अंश सेंद्रिय, म्हणजे कुजणारा असतो. कुजण्याची क्रिया जीवाणू करतात व त्यासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू ते वापरतात. असे पाणी नदीत तसेच सोडले, तर जीवाणू नदीतील प्राणवायू संपवून टाकतात, मासे गुदमरून मरतात आणि पाण्यास दुर्गंधी सुटते.

सांडपाणी किती घाण आहे हे मोजण्याचे एक माप यावरूनच ठरविले आहे. एक लिटर पाण्यातील घाण कुजविण्यास जीवाणूंना किती मिलिग्रॅम प्राणवायू लागतो, ते पाहावयाचे. भारतात हा प्रयोग २७ अंश तपमानावर तीन दिवस चालवितात. या मापास जैवरासायनिक प्राणवायूची मागणी म्हणतात. आपण तिला थोडक्यात ‘प्राणवायूची मागणी’ म्हणू. घरगुती सांडपाण्यात ती सामान्यतः लिटरमागे २०० ते ३०० मिलिग्रॅम असते.

शुद्धीकरण कोण करते?

मैलापाण्याचे शुद्धीकरण यंत्रे करतात अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक यंत्रे केवळ पाणी ढवळतात, त्यात हवा भरतात व गाळ बाजूस करतात. शुद्धीकरणाचे खरे काम करतात ते जीवाणू. १९१४ साली मँचेस्टर येथे एडवर्ड आर्डेन व विल्यम लॉकेट या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी असे दाखवून दिले की, सांडपाण्यात हवा सोडल्यावर तळाशी बसणारा गाळ फेकून न देता नव्या सांडपाण्यात पुनःपुन्हा मिसळला, तर शुद्धीकरण फार वेगाने होते. कारण त्या गाळात कोट्यवधी जिवंत जीवाणू असतात. या कार्यास ज्यांचे मार्गदर्शन लाभले होते, ते गिल्बर्ट फाउलर १९१६ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अध्यापक म्हणून आले. त्यामुळे ‘सक्रिय गाळा’च्या या पद्धतीचा अभ्यास आपल्या देशातही लवकर सुरू झाला.

दिल्लीत ओखला येथे मैलापाणी शुद्ध करण्याचे केंद्र १९३७ साली सुरू झाले. पुढे केशोपूर, रिठाला, कोंडली इत्यादी ठिकाणी केंद्रे झाली. या केंद्रांच्या मोठ्या हौदांत जे चालते, ती एक प्रकारची शेतीच होय. जीवाणू हे तेथील पीक, मैला हे त्यांचे अन्न आणि हवा हा त्यांचा श्वास. हे ध्यानात घेतले म्हणजे पुढील सर्व विषय सोपा होतो. ज्या पाण्याने हे जीव पोसतात ते केंद्रात येण्यास हरकत नाही. ज्याने ते मरतात ते येऊ देता कामा नये.

कारखान्याचे पाणी वेगळे का?

कारखान्यांचे सर्वच पाणी घातक असते असे नाही. दुग्धशाळेचे किंवा बिस्किटांच्या कारखान्याचे पाणी घरगुती पाण्याहून कितीतरी पटीने कुजणारे असले, तरी ते जीवाणूंचे अन्नच असते. केंद्राची शक्ती पुरेशी असेल तर त्याचा निचरा होऊ शकतो. परंतु धातूंवर मुलामा देणारे, तेजाबाने धातू धुणारे, कापड रंगविणारे, औषधे व कीटकनाशके बनविणारे कारखाने यांच्या पाण्याची गोष्ट निराळी आहे. त्यापासून चार प्रकारची हानी होते.

पहिली हानी नळांची. तीव्र आम्ले सिमेंट-काँक्रीट खातात. शिवाय सल्फेटयुक्त पाणी मलवाहिनीत साचून राहिले की, त्यापासून हायड्रोजन सल्फाइड वायू निर्माण होतो. हा वायू नळाच्या वरच्या ओलसर भागाशी पोचतो आणि तेथे वाढणारे विशिष्ट जीवाणू त्याचे गंधकाम्लात रूपांतर करतात. यामुळे नळाचे छत आतून झिजत जाते आणि एके दिवशी रस्ता खचतो.

दुसरी हानी माणसांची. सडक्या अंड्यांसारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड थोड्या प्रमाणात असता नाकास कळतो. परंतु हवेच्या दहा लाख भागांत सुमारे शंभर भाग झाला की, घ्राणेंद्रिय बधिर होऊन वास येईनासा होतो. त्याहून प्रमाण वाढले तर एकदोन श्वासांत मनुष्य कोसळतो. सायनाइडयुक्त पाण्यात आम्लाचे पाणी मिसळले, तर त्याहूनही घातक असा हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. दोन शेजारी कारखान्यांनी आपापले पाणी एकाच नळात सोडले, म्हणजे असा संयोग जमिनीखाली, कोणाच्या नकळत घडून येऊ शकतो. त्या नळात उतरावे लागणाऱ्या कामगाराला मात्र त्याची किंमत प्राणांनी द्यावी लागते.

तिसरी हानी जीवाणूंची. तांबे, निकेल, क्रोमियम, सायनाइड इत्यादी पदार्थ ठरावीक प्रमाणाबाहेर गेले की, हौदातील जीवाणू निष्क्रिय होतात किंवा मरतात. त्यांची नवी वाढ होण्यास कित्येक दिवस, प्रसंगी आठवडे लागतात. तोवर साऱ्या शहराचा मैला जवळजवळ जसाच्या तसा नदीस जातो. एका कारखान्याचा एका रात्रीचा निष्काळजीपणा लक्षावधी घरांच्या सांडपाण्याचे शुद्धीकरण निष्फळ करू शकतो.

चौथी हानी गाळाची. जड धातू कुजत नाहीत व जळत नाहीत. जीवाणू त्यांना खाऊन संपवू शकत नाहीत. ते पाण्यातून निघाले तर गाळात जातात. चांगला गाळ हे उत्तम खत असते. पण धातूंनी भरलेला गाळ शेतात घातला, तर ते धातू मातीत व मातीतून भाजीपाल्यात उतरण्याचा धोका असतो.

हे धोके काल्पनिक नाहीत. अमेरिकेतील लुईव्हिल या शहरात १९७७ साली कीटकनाशकांच्या निर्मितीतील विषारी टाकाऊ द्रव्ये कोणीतरी चोरून मलवाहिनीत ओतली. शुद्धीकरण केंद्रातील कामगार आजारी पडले, केंद्र बंद करावे लागले आणि कित्येक आठवडे शहराचा मैला ओहायो नदीत तसाच सोडावा लागला. त्याच शहरात १३ फेब्रुवारी १९८१ रोजी एका कारखान्यातून मलवाहिनीत गेलेल्या हेक्सेन या ज्वालाग्राही द्रवाच्या वाफांचा स्फोट होऊन दोन मैलांहून अधिक रस्ता उखडला गेला. मेक्सिकोतील ग्वादालाहारा येथे २२ एप्रिल १९९२ रोजी मलवाहिनीत शिरलेल्या पेट्रोलचा स्फोट झाला, त्यात दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

मिसळल्याने विष संपते काय?

कारखानदारांकडून नेहमी असा युक्तिवाद केला जातो की, शहराच्या एवढ्या पाण्यात आमच्या चार बादल्यांचे ते काय? याचा हिशेब करून पाहू. क्रोमियमचा चकचकीत मुलामा देण्याच्या द्रावणात लिटरमागे सुमारे २५० ग्रॅम क्रोमिक आम्ल असते, व त्यात सुमारे १३० ग्रॅम क्रोमियम असते. एका लहानशा कारखान्याने असे वापरून निकामी झालेले २०० लिटरचे एकच पिंप गटारात रिकामे केले असे समजू. त्यातून २६ किलो क्रोमियम गेले. ते पाणी लिटरमागे २ मिलिग्रॅम या मर्यादेपर्यंत पातळ व्हावयाचे, तर त्यात १ कोटी ३० लक्ष लिटर पाणी मिसळावे लागेल! एका पिंपाचे हे परिमाण आहे.

आणि इतके पाणी मिसळले तरी क्रोमियमचा एक कणही कमी झालेला नसतो. तो केवळ अधिक पाण्यात पसरलेला असतो. पिंपात असताना जे २६ किलो विष एका खोलीत, थोड्या खर्चात, निष्प्रभ करता आले असते, ते आता १ कोटी ३० लक्ष लिटरांतून शोधून काढावे लागते, आणि ते व्यवहारतः अशक्य आहे. म्हणून मलवाहिनीच्या रक्षणाचे पहिले तत्त्व असे की, विषारी द्रव्य जेथे निर्माण होते तेथेच, इतर पाण्यात मिसळण्यापूर्वी, त्याचा बंदोबस्त केला पाहिजे.

हे करण्याच्या पद्धती गुंतागुंतीच्या नाहीत. क्रोमियमचे घातक षट्संयुजी रूप आम्लयुक्त पाण्यात सोडियम मेटाबायसल्फाइटने त्रिसंयुजी करावयाचे, नंतर चुना घालून ते हिरवट साक्याच्या रूपाने खाली बसवावयाचे. सायनाइड अल्कयुक्त पाण्यात क्लोरिनने नष्ट करता येते. मात्र त्याची व आम्लाची नाली प्रारंभापासून वेगळी हवी. त्याहूनही स्वस्त उपाय म्हणजे विष वाहूच न देणे. मुलामा दिलेली वस्तू द्रावणातून काढल्यावर क्षणभर टांगून निथळू दिली आणि एकाऐवजी ओळीने तीन टाक्यांत धुतली, व ताजे पाणी शेवटच्या टाकीत सोडून पहिलीकडे उलट आणले, तर पाणी फार कमी लागते आणि पहिल्या टाकीतील दाट झालेले द्रावण पुन्हा उपयोगात आणता येते. विष वाचते आणि पैसाही वाचतो.

कायद्याचा मार्ग

या विषयात कायद्याचे दोन टोकांचे मार्ग संभवतात. एक, कारखान्यांना मलवाहिनी पूर्णपणे बंद करणे. दुसरा, मुक्तद्वार ठेवणे. पहिल्याने कारखाने चोरून जवळच्या नाल्यात पाणी सोडू लागतात. दुसऱ्याने शुद्धीकरण केंद्र बिघडते. इंग्लंडने १९३७ साली केलेल्या कायद्याने मधला मार्ग घेतला. कारखानदारास सार्वजनिक मलवाहिनीत पाणी सोडण्याचा हक्क आहे, परंतु तो स्थानिक संस्थेच्या संमतीने आणि तिने घातलेल्या अटींवर. १९५७ च्या दिल्ली महानगरपालिका कायद्यातही कारखान्यांच्या सांडपाण्याची स्वतंत्र व्याख्या करून आयुक्तांच्या संमतीने ते पालिकेच्या गटारात सोडण्याची तरतूद करण्यात आली. १९७४ साली संसदेने जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला व केंद्रीय मंडळ स्थापन झाले. दिल्लीपुरते हे अधिकार १९९१ पासून दिल्ली प्रदूषण नियंत्रण समिती चालविते. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालील नियमांत पाणी कोठे सोडावयाचे त्यानुसार निरनिराळ्या मर्यादा घालून दिल्या आहेत. त्यांपैकी काही पाहू. आकडे लिटरमागे मिलिग्रॅमचे आहेत.

प्राणवायूची मागणी: नदी-नाल्यात सोडताना ३०, सार्वजनिक मलवाहिनीत ३५०.
तरंगणारे घन कण: नदी-नाल्यात १००, मलवाहिनीत ६००.
तेल व वंगण: नदी-नाल्यात १०, मलवाहिनीत २०.
सायनाइड: नदी-नाल्यात ०.२, मलवाहिनीत २.
शिसे: नदी-नाल्यात ०.१, मलवाहिनीत १.
तांबे व निकेल, प्रत्येकी: दोन्हींकडे ३.
एकूण क्रोमियम: दोन्हींकडे २.
पारा: दोन्हींकडे ०.०१.

या आकड्यांमागील विचार समजून घेण्याजोगा आहे. कुजणाऱ्या घाणीस मलवाहिनीत अकरा-बारा पट सवलत आहे, कारण पुढे केंद्रातील जीवाणू ती खाऊन टाकणार आहेत. पारा, तांबे, निकेल यांना मात्र सवलत नाही, कारण त्यांना खाणारा कोणी नाही. यावरून हेही उघड होते की, ज्या मलवाहिनीच्या शेवटी चालू स्थितीतील शुद्धीकरण केंद्र नाही, तिच्यात ३५० ची सवलत देणे म्हणजे ती नदीसच देणे होय.

तथापि या पद्धतीत एक मोठे वैगुण्य आहे. लिटरमागे किती, एवढेच नियम सांगतो. एकूण किती, हे तो सांगत नाही. त्यामुळे स्वच्छ पाणी मिसळून आकडा खाली आणण्याचा मोह होतो. तसेच हजार लहान कारखाने प्रत्येकी मर्यादेत राहिले, तरी त्या सर्वांचे मिळून विष फार होऊ शकते. म्हणून संमतिपत्रात पाण्याच्या प्रतीबरोबर दिवसाचे एकूण परिमाणही लिहिलेले असावे व ते मोजले जावे, हे आवश्यक ठरते.

दिल्लीची विशेष परिस्थिती

दिल्लीत यमुना वजिराबादच्या बंधाऱ्यापासून ओखल्याच्या बंधाऱ्यापर्यंत सुमारे २२ किलोमीटर वाहते. नदीच्या एकूण लांबीच्या शेकडा दोनहूनही कमी असा हा भाग आहे. परंतु नदीतील एकंदर प्रदूषणाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भार येथे तिच्या पदरी पडतो. वजिराबादच्या खालच्या अंगास नजफगढचा नाला नदीस मिळतो. मूळच्या साहिबी नदीचा हा प्रवाह. आज दिल्लीच्या पश्चिम व उत्तर भागांतील वस्त्यांचे, औद्योगिक वसाहतींचे आणि हरियाणातील गुरुग्रामचेही पाणी घेऊन तो येतो. पूर्वेकडे शाहदऱ्याच्या नाल्यात गाझियाबाद-साहिबाबादकडील पाणी मिळते. राज्यांच्या सीमा जमिनीवर असतात. नाल्यांना त्या ठाऊक नसतात.

पिण्याचे पाणी घेण्याची जागा आणि नाल्याचे मुख परस्परांच्या किती जवळ आहेत, हे १९५५ साली दिसून आले. पुरानंतर नदीने पात्र बदलले आणि नोव्हेंबरमध्ये नजफगढ नाल्याचे मैलापाणी उलटून वजिराबादच्या पाणी घेण्याच्या जागेपर्यंत पोचले. त्यानंतर डिसेंबर १९५५ व जानेवारी १९५६ मध्ये दिल्लीत काविळीची साथ उसळली व सुमारे २९,००० माणसांस कावीळ झाली. क्लोरिनच्या वापरामुळे विषमज्वरासारखे रोग फैलावले नाहीत, पण काविळीच्या विषाणूस तेवढा क्लोरिन पुरेसा ठरला नाही. ती साथ पुढे ज्यास ‘ई’ प्रकारची कावीळ म्हणू लागले तिची होती, असे फार नंतर साठवलेल्या रक्ताच्या तपासणीवरून अनुमान निघाले.

ती साथ घरगुती मैल्यामुळे आली होती. अलीकडच्या काळात त्याच जागी औद्योगिक पाण्याचा उपद्रव अनुभवास येत आहे. नदीच्या वरच्या अंगाने अमोनिया येतो. पिण्याच्या पाण्यात तो लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमहून अधिक नसावा असे भारतीय मानक सांगते. वजिराबाद येथे येणाऱ्या पाण्यात त्याचे प्रमाण एक मिलिग्रॅमच्या आसपास गेले की, शुद्धीकरणाचे काम मंद किंवा बंद करावे लागते, कारण अमोनिया क्लोरिनशी संयोग पावून त्याची जंतुनाशक शक्ती खर्च करून टाकतो. जानेवारी २०२१ मध्ये दिल्ली जल मंडळाने याबद्दल हरियाणाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा न्यायालयाने स्वतः होऊन नदीप्रदूषणाचा प्रश्न हाती घेतला.

दिल्लीतील आणखी एक अडचण नळांच्या रचनेची आहे. मैल्याची भुयारी मलवाहिनी व पावसाच्या पाण्याचे उघडे नाले या दोन व्यवस्था वेगळ्या असावयास हव्यात. परंतु जेथे मलवाहिनी पोचलेली नाही किंवा तुंबलेली आहे, तेथे सर्व पाणी नाल्यात जाते, आणि नाला शुद्धीकरण केंद्रास न जाता थेट नदीस मिळतो. ही चूक सुधारण्यासाठी नजफगढ, सप्लिमेंटरी व शाहदरा या तीन नाल्यांच्या काठाने सुमारे ५९ किलोमीटर लांबीची, लहान नाल्यांचे पाणी अडवून केंद्राकडे वळविणारी मलवाहिनी घालण्याची योजना जल मंडळाने हाती घेतली. योजना आवश्यक होती. परंतु तिच्यामुळे एक नवी जबाबदारीही येते. नाल्यातील पाणी केंद्राकडे वळविले, म्हणजे नाल्यात चोरून सोडलेले तेजाबही केंद्राकडेच वळते. म्हणजे अडविण्याचे काम जितके यशस्वी, तितके कारखान्याच्या दाराशी नियंत्रण अधिक निकडीचे.

लहान कारखाने व सामायिक केंद्रे

मोठा कारखाना स्वतःचे शुद्धीकरण यंत्र बसवू शकतो. दिल्लीतील बहुसंख्य उद्योग लहान आहेत. दोनतीन खोल्यांत चालणाऱ्या कारखान्यास रसायनशास्त्रज्ञ कोठून परवडणार? यासाठी औद्योगिक वसाहतीतील सर्व कारखान्यांचे पाणी एकत्र आणून शुद्ध करणारी सामायिक केंद्रे उभारण्याचा मार्ग पुढे आला. १९९४ साली एका वृत्तपत्रातील लेखावरून सर्वोच्च न्यायालयाने यमुनेच्या दुरवस्थेचे प्रकरण स्वतः होऊन हाती घेतले, आणि त्याच्या सुनावणीत या केंद्रांच्या उभारणीस चालना मिळाली. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचा तांत्रिक सल्ला त्यासाठी घेण्यात आला. ही संस्था १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी नागपुरास स्थापन झाली होती. २००० साली दिल्लीने सामायिक केंद्रांविषयी स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार खर्चाचा वाटा कारखान्यांनी उचलावयाचा आहे. वजीरपूर, मायापुरी, मंगोलपुरी, नारायणा, ओखला, झिलमिल, बवाना, नरेला इत्यादी ठिकाणी मिळून अशी १३ केंद्रे झाली. त्यांची एकंदर क्षमता दिवसास सुमारे २१२ दशलक्ष लिटर आहे.

परंतु यांतील पुष्कळ केंद्रांत क्षमतेहून फार कमी पाणी येत राहिले. कारखान्यापासून केंद्रापर्यंत नळ नसणे, असलेला नळ तुंबणे, किंवा खर्च टाळण्यासाठी पाणी परस्पर नाल्यात सोडणे ही त्याची कारणे. शिवाय सामायिक केंद्रातही अखेर रसायनांचे ठरावीक प्रमाण व जीवाणू हीच साधने आहेत. आज आम्ल, उद्या अल्क, परवा रंग असे अनपेक्षित पाणी येऊ लागले, तर तेही गोंधळते. सामायिक केंद्र हे कारखान्याच्या स्वतःच्या पूर्वशुद्धीकरणास पर्याय नसून त्याची पुढची पायरी आहे.

वजीरपूरचे उदाहरण बोधप्रद आहे. येथे स्टेनलेस स्टीलची भांडी व पत्रे यांचा मोठा उद्योग आहे. तापवून लाटलेल्या पत्र्यावर काळी खपली धरते. ती काढण्यासाठी पत्रा गंधकाम्ल, नत्राम्ल व हायड्रोफ्लोरिक आम्ल यांत बुडवून मग पाण्याने धुतात. त्या धुवणात आम्लाबरोबर लोह, निकेल व क्रोमियमही उतरतात. असे काम वस्त्यांतील लहान जागांतही चालत असल्याच्या तक्रारी झाल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ते बंद करण्यात कसूर केल्याबद्दल दिल्ली सरकारला ५० कोटी रुपये भरण्यास सांगितले. आपल्या घरातील लखलखीत ताटवाटीचा नदीशी असा संबंध आहे, हे सहसा ध्यानात येत नाही.

दाराशी नियंत्रण कसे करावे?

अनेक देशांच्या अनुभवावरून यशस्वी नियंत्रणाची काही अंगे निश्चित झाली आहेत. प्रथम, मलवाहिनीस जोडलेल्या प्रत्येक कारखान्याची नोंद हवी: तो कोणता माल वापरतो, किती पाणी घेतो व किती सोडतो. विहिरीचे व टँकरचे पाणी या नोंदीतून सुटता कामा नये. दुसरे, कारखान्याच्या भिंतीबाहेर, निरीक्षकास केव्हाही उघडता येईल अशी नमुना घेण्याची कुंडी हवी. तिसरे, नमुना एकाच क्षणाचा नसावा. दिवसा स्वच्छ पाणी सोडून रात्री टाकी रिकामी करणे सोपे असते. म्हणून चोवीस तास थोडे थोडे घेतलेले मिश्र नमुने व अवचित भेटी दोन्ही आवश्यक आहेत. २०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषक उद्योगांस व सामायिक केंद्रांस सतत मोजमाप करणारी स्वयंचलित यंत्रे बसविण्यास फर्माविले. तथापि यंत्राचे आकडे कोणी वाचून त्यावर कृती केली नाही, तर त्यांचा उपयोग नाही.

चौथे अंग आकारणीचे. लंडनच्या मॉग्डेन केंद्राच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या सूत्रात कारखान्याच्या बिलाचे चार भाग असतात: पाणी वाहून नेण्याचा खर्च, एकूण पाण्यावरील प्राथमिक क्रियेचा खर्च, प्राणवायूच्या मागणीच्या प्रमाणात जीवाणू-क्रियेचा खर्च आणि घन कणांच्या प्रमाणात गाळाचा खर्च. घाण जितकी दाट तितके बिल मोठे, म्हणून कारखानदार स्वतःच घाण कमी करण्याचे मार्ग शोधू लागतो. परंतु हे सूत्र कुजणाऱ्या घाणीपुरतेच योग्य होय. पारा किंवा सायनाइड यांना दर नसावा, निर्बंधच असावा. पैसे भरून विष सोडण्याची मोकळीक कोणासही देता येत नाही.

पाचवे, काढलेल्या गाळाचा हिशेब. क्रोमियमचा साका टाकीत बसवून रात्री नाल्याकाठी फेकला, तर पहिल्या पावसात तो पुन्हा पाण्यात. असा गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार अधिकृत जागीच पोचला पाहिजे.

नियंत्रण न केल्यास

वेळीच नियंत्रण न केल्यास पुढे उपाय कठोर होतात. ८ जुलै १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील १६८ घातक उद्योग त्या वर्षीच्या ३० नोव्हेंबरपासून शहरात बंद करण्याचा आदेश दिला. नोव्हेंबर २००० मध्ये वस्त्यांतील कारखाने बंद करण्याच्या मोहिमेविरुद्ध दिल्लीच्या रस्त्यांवर उग्र निदर्शने झाली, कारण त्या कारखान्यांवर सहस्रावधी कुटुंबांचा चरितार्थ चालत होता. जी किंमत वर्षानुवर्षे थोडीथोडी देता आली असती, ती एकदम, आणि मुख्यतः कामगारांना, द्यावी लागली. नदी की रोजगार, असा पेच निसर्गाने घातलेला नाही. कारखान्याच्या दाराशी जे करावयाचे ते न केल्याने तो उत्पन्न होतो.

मलवाहिनीत उतरणाऱ्या कामगाराची स्थिती त्याहून दारुण आहे. २०११ साली दिल्ली जल मंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कामगारांच्या सुरक्षिततेची जबाबदारी सार्वजनिक संस्थांवर असल्याचे बजावले. २०१३ च्या कायद्याने मलवाहिनीत संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरविण्यास बंदी केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. या सर्व तरतुदी योग्यच आहेत. परंतु नळात विषारी वायू निर्माण करणारे पाणी मुळातच सोडले जाऊ नये, हे त्यांच्या आधीचे कर्तव्य आहे.

मलवाहिनी ही साऱ्या शहराची सामायिक मालमत्ता आहे. तिच्या एका टोकास लक्षावधी घरे व हजारो कारखाने आहेत. दुसऱ्या टोकास जीवाणूंचा हौद, त्यापुढे नदी आणि नदीच्या खालच्या अंगास तेच पाणी पिणारी दुसरी गावे. या दोन टोकांमध्ये विष वेगळे काढता येईल अशी एकच जागा आहे, ती म्हणजे कारखान्याचे दार. तेथे एक कुंडी, एक मापक, एक प्रामाणिक नोंदवही आणि ती वाचणारा दक्ष अधिकारी असला, तर पुढील सर्व कामे सुकर होतात.